फीत कापणारं एन्झाइम

मागच्या शनिवारी कॉलेजच्या ग्रुपमधले आम्ही चौघं बाणेरला मिसळ खायला जमलो होतो. चार इंजिनिअर एकत्र आले की पाचव्या मिनिटाला जगाचे प्रश्न सुटायला लागतात, तसे ते सुटत होते. विषय निघाला पऱ्हाट्यांचा. म्हणजे मीच काढला. आदल्या आठवड्यात मामाकडे जाऊन आलो होतो (यवतमाळ जिल्हा, साडेचार एकर कोरडवाहू कापूस) आणि शेवटच्या वेचणीनंतर पेटवलेल्या पऱ्हाट्यांच्या धुराचा वास अजून जॅकेटला येत होता.

"अरे, हा तर सॉल्व्ह्ड प्रॉब्लेम आहे," एक मित्र म्हणाला. "एआय आता प्रोटीन डिझाइन करतंय. २०२४ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यालाच मिळालं. दोन वर्षांत असं एन्झाइम येईल की काडीकचऱ्याची साखर आणि साखरेचं इंधन. बायोलॉजी म्हणजे शेवटी कोडच आहे रे!"

मिसळ तिखट होतीच, पण ठसका लागला तो या वाक्याने. तिथे वाद घातला, घरी येऊन पुन्हा मनात घातला, आणि आता इथे घालतोय. आधीच सांगून टाकतो, मी बायोटेकवाला नाही. मी कॉम्प्युटरचा इंजिनिअर. दिवसभर सर्व्हर पडू नयेत हे बघणं आणि पडले की रात्रीही उठून बघणं हे माझं पोटापाण्याचं काम. पण त्यामुळेच एक गोष्ट मला पक्की कळते: डेमो चालणं वेगळं आणि रोज चालणं वेगळं. हा अख्खा लेख त्या एका फरकावर आहे.

आधी थोडं शास्त्र. घाबरू नका, भाकरीपासूनच सुरुवात करतो.

ज्वारीच्या दाण्यात स्टार्च असतं आणि कडब्यात सेल्युलोज. दोन्ही म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब माळा. मणी तोच, फक्त मणी ओवण्याची पद्धत वेगळी. स्टार्चमधली गाठ आपल्या लाळेतलं एन्झाइमसुद्धा (शाळेच्या पुस्तकातलं 'विकर') सोडवतं. सेल्युलोजची गाठ अशी बसते की माळ सरळ, चपटी फितीसारखी होते आणि अशा अनेक फिती एकमेकींना घट्ट चिकटून स्फटिकासारखा दोर बनतो. त्याच्याभोवती हेमिसेल्युलोजचं जाळं आणि वरून लिग्निनचा थर. म्हणून भाकरी आपण खातो आणि कडबा बैल खातो. तोही स्वतः पचवत नाही, त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव पचवतात. झाड उभं राहतं ते याच बांधणीच्या जोरावर. ते सहज सुटणारं असतं तर पहिल्या पावसातच जंगलं विरघळली असती.

ही फीत कापणारी एन्झाइम्स निसर्गात आहेत. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे तंबू आणि कपडे कुजायला लागले. तिथून मिळालेल्या बुरशीला पुढे एल्विन रीझ या शास्त्रज्ञाच्या नावावरून ट्रायकोडर्मा रीझाय असं नाव पडलं. सैन्याला ती थांबवायची होती, आज कारखाने तिलाच कामाला लावतात. तिच्याकडे एक टोळी असते. एक एन्झाइम फीत मधेच तोडतं, दुसरं टोक पकडून दोन-दोन मण्यांचे तुकडे काढत पुढे सरकतं, तिसरं त्या जोडीचे सुटे मणी करतं. तिसरं कमी पडलं तर जोड्या साचतात आणि दुसऱ्याचंच काम तुंबतं. (क्यू भरली की सर्व्हर कसा बसतो, डिट्टो तसं.) २०१० च्या सुमारास नॉर्वेतल्या संशोधकांनी आणखी एक भिडू उजेडात आणला. तो घट्ट दोरावर ऑक्सिडेशनने खाचा पाडतो, मग बाकीच्यांना टोकं सापडतात.

म्हणजे 'एक जादूचं एन्झाइम' ही कल्पनाच चुकीची आहे. इथे गँग लागते, योग्य प्रमाणात लागते आणि कच्चा माल बदलला की प्रमाणही बदलतं. वर आणखी भानगडी. या टोळीला पन्नास अंशांच्या आसपास काम करायला आवडतं, तर साखरेची दारू करणाऱ्या यीस्टला तीस-पस्तीस. लिग्निन एन्झाइमला स्वतःला चिकटवून घेतं आणि वाया घालवतं. हेमिसेल्युलोजमधून निघणारी झायलोज नावाची साखर नेहमीचं यीस्ट खातच नाही. यावर २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या मंडळींनी काय केलं, तर भारतीय हत्तीच्या लिदीत सापडलेल्या एका बुरशीतलं जनुक यीस्टमध्ये घातलं आणि यीस्टला झायलोजकडे वळवलं. हे वाचलं त्या दिवशी मी दोन मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून नुसता हसत होतो. काय डोकं आहे लोकांचं!

सांगायचा मुद्दा असा की शास्त्रज्ञांनी काम केलेलं नाही असं कोणी म्हणत असेल तर तो मी नव्हे. माझं भांडण दुसरीकडे आहे.

'बायोलॉजी म्हणजे कोड' हे वाक्य आपल्या आयटीवाल्यांना फार आवडतं, कारण त्यात आपण आपोआप शहाणे ठरतो. पण एन्झाइम सुधारण्याची सगळ्यात यशस्वी पद्धत बघा. कॅलटेकच्या फ्रान्सिस अरनॉल्ड यांनी १९९३ मध्ये सब्टिलिसिन नावाचं एक एन्झाइम घेतलं. ते ज्या रसायनात एरवी लुळं पडायचं त्याच रसायनात त्याला काम करायला शिकवलं. कसं? जनुकात आडवेतिडवे बदल करायचे, ढीगभर नमुने बनवायचे, सगळ्यांची परीक्षा घ्यायची, जे वरचढ ठरतील ते ठेवायचे, त्यांच्यात पुन्हा बदल करायचे. याबद्दल त्यांना २०१८ चं नोबेल मिळालं. यात कोणी बसून शहाणा कोड लिहिलेला नाही. यात सगळं शहाणपण आहे ते परीक्षेत.

आणि म्हणूनच या क्षेत्रात एक वाक्य सतत ऐकू येतं: ज्याची परीक्षा घ्याल, तेच मिळेल.

हे वाक्य जरा थांबून वाचा. अनेक प्रयोगशाळांत पूर्वी सीएमसी नावाच्या विरघळणाऱ्या सेल्युलोजवर एन्झाइमची चाचणी व्हायची, कारण ती सोपी आणि झटपट. (आइस्क्रीम घट्ट राहावं म्हणून घालतात तेच हे सीएमसी.) झालं काय, तर आइस्क्रीमवाल्या सेल्युलोजवर पहिले नंबर काढणारी एन्झाइम्स मिळाली आणि खऱ्या काडावर त्यांतल्या बऱ्याच जणांची दांडी गुल. एन्झाइमची चूक नव्हती. त्याने बिचाऱ्याने पेपर बरोबर सोडवला, पेपरच चुकीचा होता.

आता माझा आरोप ऐका. गेली वीस वर्षं सरकारांनी, कंपन्यांनी आणि टाळ्या वाजवणाऱ्या आपण सगळ्यांनी या अख्ख्या उद्योगाची परीक्षा एकाच विषयात घेतली आहे: उद्घाटन. म्हणून आपल्याला उद्घाटनं मिळाली. सेल्युलोजची फीत कापणारं एन्झाइम मागितलं आणि दारावरची फीत कापणारं एन्झाइम विकसित झालं.

अतिशयोक्ती वाटते? अमेरिकेची गोष्ट बघा, कारण प्रयोग सगळ्यात मोठा तिथेच झाला. जानेवारी २००६ मध्ये अध्यक्ष बुश यांनी वार्षिक भाषणात सांगितलं की गवत आणि लाकडाच्या तुकड्यांपासूनचं इथेनॉल सहा वर्षांत व्यवहारात परवडणारं करू. २००७ मध्ये कायदा झाला: २०२२ पर्यंत वर्षाला १,६०० कोटी गॅलन सेल्युलोजपासूनचं इंधन. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! २०१० साठी ठरलेलं लक्ष्य होतं १० कोटी गॅलन, ते त्यांच्या पर्यावरण खात्याला ६५ लाखांवर आणावं लागलं. पुढे जानेवारी २०१३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने २०१२ चा अंदाज रद्द केला, कारण खात्याने तो तटस्थपणे न काढता आशेकडे झुकवला होता. न्यायालयाला सांगावं लागलं की बाबांनो, काय होणार आहे ते सांगा, काय व्हावंसं वाटतं ते नको.

मग मोठे कारखाने आले. सप्टेंबर २०१४ मध्ये आयोवात पोएट-डीएसएमचा, ऑक्टोबर २०१४ मध्ये कॅन्ससमध्ये अबेन्गोआचा, ऑक्टोबर २०१५ मध्ये पुन्हा आयोवात ड्यूपाँटचा. ड्यूपाँटची क्षमता वर्षाला ३ कोटी गॅलन, म्हणजे ११ कोटी लिटरच्या वर. फिती, भाषणं, फोटो सगळं झालं. अबेन्गोआचा कारखाना २०१५ संपता संपता थांबला. ड्यूपाँटने २०१७ मध्ये गाशा गुंडाळला. पोएट-डीएसएमने २०१९ मध्ये इथेनॉल बनवणं थांबवलं.

इथे एक गोष्ट मित्राला मुद्दाम सांगितली. ड्यूपाँटने २०११ मध्ये डॅनिस्को विकत घेतली होती आणि तिच्यासोबत जेनेनकोर ही जगातली नावाजलेली एन्झाइम कंपनी घरात आली होती. डीएसएम तर स्वतःच एन्झाइम आणि यीस्ट बनवणारी. म्हणजे एन्झाइम नव्हतं म्हणून हे बंद पडले, असं म्हणायची सोयच नाही. एन्झाइम घरचं होतं!

मग घोडं कुठे पेंड खात होतं? पोएट-डीएसएमने २०१७ मध्ये स्वतःच सांगितलं की मुख्य अडथळा होता प्रीट्रीटमेंटचा, म्हणजे एन्झाइमच्या हाती देण्याआधी काड शिजवून मऊ करण्याचा. शेतातून आलेल्या गठ्ठ्यात माती असते, खडे असतात. एक गठ्ठा ओला, एक सुका. वाळूने यंत्रं झिजतात, काड पाइपमध्ये अडकतं. प्रयोगशाळेतली पावडर कधी अडकत नाही. वर तेल स्वस्त झालं, धोरणं डळमळली, पैसा आटला. एन्झाइमच्या किमतीचंही तेच. २००५ मध्ये कंपन्यांनी ती २०-३० पट उतरल्याचं जाहीर केलं. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी प्रत्यक्ष उत्पादनाचा हिशोब मांडला, तर एन्झाइमचा खर्च लोक धरून चालले होते त्यापेक्षा बराच जास्त निघाला.

ड्यूपाँटचा तो कारखाना पुढे एका जर्मन कंपनीने घेतला आणि तिथे मक्याच्या ताटांपासून गॅस बनवायला घेतला. सूक्ष्मजीव, सावकाश कुजवणं, कमी नखरे. ज्यांनी रोज चालण्याचा विचार केला त्यांनी उत्तरच बदललं.

आता आपल्याकडे या. २०१९ मध्ये केंद्राने 'जी-वन' योजनेतून अशा कारखान्यांसाठी १,९६९.५० कोटी रुपये मंजूर केले. १० ऑगस्ट २०२२ ला पानिपतच्या प्रकल्पाचं लोकार्पण झालं. तंत्रज्ञान आपल्या पुण्याच्या प्राजचं, याचा मला पुणेकर म्हणून अभिमान आहेच. सप्टेंबर २०२५ मध्ये आसामात नुमालीगडला बांबूपासून इथेनॉलचा प्रकल्प सुरू झाला. पानिपतचा आकडा तेव्हा सगळ्या पेपरात होता: वर्षाला २ लाख टन भाताचं काड आणि ३ कोटी लिटर इथेनॉल.

हा आकडा मी वीकांताला कागदावर सोडवला. २ लाख टन म्हणजे रोज साधारण साडेपाचशे टन. पण काड रोज मिळत नाही. भात कापल्यापासून गहू पेरेपर्यंतच्या काही आठवड्यांत वर्षभराचं गोळा करायचं, बांधायचं, वाहायचं, पावसापासून आणि आगीपासून सांभाळायचं. आणि सगळं जमलं तरी ३ कोटी लिटर. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलसाठी देशाला वर्षाला सुमारे १,००० कोटी लिटर लागतं. हजार लिटरमागे तीन लिटर झालं.

"म्हणजे तू या सगळ्याच्या विरोधात आहेस," मित्राने निष्कर्ष काढला. नाही रे बाबा! उलट मला हे हवंय, आणि खरोखर हवंय. कारण ते २० टक्क्यांचं लक्ष्य आपण २०२५ मध्ये गाठलं ते काडातून नाही. गाठलं ते ऊस, मका आणि तांदळातून. उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं, असं नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात आहे. आणि याच महाराष्ट्रात २०१६ साली लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं. खाण्याचं धान्य आणि पिण्याचं पाणी टाकीत ओतायचं नसेल तर दाणा सोडून ताटाकडे वळावंच लागेल. म्हणून तर जीव तुटतो. ज्या शास्त्राची गरज इतकी खरी आहे त्याची आपण फोटोपुरती परीक्षा घेतो.

आणि या परीक्षेत ज्याला कोणी कधी बसवतच नाही तो माझा मामा.

पऱ्हाट्या त्याने का जाळल्या? शेतात उभ्या ठेवल्या तर गुलाबी बोंडअळी मुक्काम करते, २०१७ मध्ये तिने काय केलं ते विदर्भात कोणालाही विचारा. कृषी खातंही सांगतं की पऱ्हाट्या वेळेत काढा. थोड्या चुलीला जातात. कुट्टी करून जमिनीत घालायला यंत्राचं भाडं लागतं आणि हंगामाच्या शेवटी हातात पैसा नसतो. दोन वर्षांपूर्वी एक माणूस गावात आला होता. पऱ्हाट्या विकत घेऊ, कारखान्याला जातात, बांधावर ढीग लावून ठेवा म्हणाला. मामाने मजूर लावून उपटल्या, ढीग लावला, मजुरी खिशातून दिली. तीन महिने ढीग पडून राहिला. मग पावसाची चिन्हं दिसली, ढिगात साप निघाला आणि मामाने काडी लावली.

"थो माणूस मंग काई आला नाई, बाबू," एवढंच म्हणाला. तक्रारीचा सूरसुद्धा नव्हता. मला तो सूर नसण्याचाच राग आला.

आता त्याला जाऊन सांगायचं का, की मामा, दोन वर्षं थांब, एआय नवीन एन्झाइम काढतंय? मामाच्या ढिगाला एन्झाइम कमी पडलं नव्हतं. ट्रक कमी पडला, शब्द पाळणारा माणूस कमी पडला.

शिव्या देऊन मोकळं होणं सोपं आहे, म्हणून काय हवं तेही लिहितो.

पहिलं, ज्या प्रकल्पात जनतेचा पैसा आहे त्याने दर महिन्याला चार आकडे जाहीर करावेत: किती टन कच्चा माल आला, किती दिवस कारखाना चालला, किती लिटर निघालं, लिटरमागे एन्झाइमवर किती खर्च झाला. बस. आमच्याकडे सर्व्हर चार तास पडला तर कारणमीमांसेचा अहवाल लिहावा लागतो, इथे शेकडो कोटींचा प्रश्न आहे. आकडे वाईट असले तरी चालतील. वाईट आकड्यांतूनच सुधारणा होते, अरनॉल्ड बाईंच्या प्रयोगात बहुतेक नमुने नापासच व्हायचे.

दुसरं, परीक्षा खऱ्या मालावर घ्या. एन्झाइमच्या संशोधनाला अनुदान देताना अट घाला की चाचणी पंजाबातल्या मातीसकट आलेल्या काडावर आणि विदर्भातल्या पऱ्हाटीवर झाली पाहिजे. कापसाच्या पऱ्हाटीत लिग्निन भरपूर, ती भाताच्या काडासारखी वागणार नाही. आणि हे काम आपल्याला येत नाही असं अजिबात नाही. पाषाणच्या एनसीएलमध्ये सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथली पेनिसिलियम जातीची १२२८ क्रमांकाची एक बुरशी घेऊन दिल्लीच्या आयसीजीईबीमधल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातला एक जनुकीय ब्रेक काढला आणि तिचं एन्झाइमचं उत्पादन वाढवून दाखवलं. बाणेरच्या त्या मिसळीच्या टेबलापासून हा संग्रह जेमतेम काही किलोमीटरवर! आम्ही चौघं मात्र अमेरिकेतल्या मॉडेलची वाट बघत होतो.

तिसरं, सगळं काही इंधनच कशाला? जाळायची वस्तू ही बाजारातली सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि आपण सगळ्यात नाजूक कारागिराला तीच बनवायला बसवतो. हीच सेल्युलेज एन्झाइम्स जीन्सला जुनाट रंग द्यायला दगडांऐवजी वापरतात, कपड्यांच्या साबणात घालतात, आणि तिथे ती बिनबोभाट धंदा करतात. झायलनेज कागदाच्या गिरणीत क्लोरीनचा वापर कमी करतं. काडापासून निघालेली साखर आधी जास्त भावाच्या रसायनांकडे आणि प्लास्टिकला पर्याय असलेल्या पदार्थांकडे वळवा. तिथे रोज चालवायला शिका, मग पेट्रोलपंपाकडे या.

चौथं, काडाला 'कचरा' म्हणणं बंद करा. कडबा जनावराचा घास आहे आणि उसाचं पाचट जमिनीत ठेवलं तर ती जमीन सुधारते. किती न्यायचं आणि किती शेतात सोडायचं हे आधी ठरवा. जे न्यायचं त्याचा भाव पेरणीआधी लेखी, वजन बांधावर, पैसे वजन झालं की. कारखान्याच्या खर्चात ही रक्कम बसत नसेल तर तो कारखाना परवडत नाही, एवढा साधा अर्थ आहे. मामाच्या फुकटच्या मजुरीवर तो परवडतोय असं दाखवू नका.

मित्राला हे सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "पण तुझ्या मागण्यांत टेक्नॉलॉजी कुठे आहे? हे तर सगळं मॅनेजमेंट झालं." हो. आमच्या धंद्यातसुद्धा रात्री तीनला जे पडतं ते अल्गोरिदम नसतं. डिस्क भरलेली असते.

असो. पुढच्या वेळी अशा कारखान्याची फीत कापल्याचा फोटो तुमच्या व्हॉट्सअॅपवर येईल, कारण येणारच. तो पुढे ढकलण्याआधी एक करा. मोबाइलमध्ये बरोबर एक वर्षानंतरचं रिमाइंडर लावा: "किती दिवस चालला?" पानिपत आणि नुमालीगडचं मी लावलंय. मामाच्या ढिगाचंही लावलंय, फेब्रुवारीचं. त्या आठवड्यात मी रजा टाकून तिकडे जाणार आहे आणि ढीग लावण्याआधी गिऱ्हाईक शोधणार आहे. सापडलं नाही तर काडी लावायला हात माझाही असेल, आणि मग एन्झाइमवर बोलण्याचा मला थोडा तरी अधिकार मिळेल.